शेवटचा रिकामा फुगा

बोरखडीच्या विद्यालयात कानिफनाथ गर्जे दोन गोष्टींसाठी ओळखला जाई: अक्षरासाठी आणि मानेसाठी. अक्षर असं की गावातल्या लग्नपत्रिकांवरची नावं, नळपट्टीची सूचना आणि सप्ताहातल्या पंगतींचा फळा त्याच्याच हातचा असायचा. ज्यांना वाचता येत नव्हतं तीही माणसं फळ्यापुढे थांबून ‘झ्याक लिव्हलंय’ म्हणून पुढे जात. आणि मान अशी की समोरच्याने काहीही सांगितलं की ती आपोआप खाली-वर व्हायची.

मानेचा इतिहास जुना होता. तिसरीत गुरुजींनी अपूर्णांक शिकवले आणि कळलं का म्हणून विचारलं, तेव्हा चाळीस पोरांतून एकट्या कानिफची मान हलली. गुरुजींनी समाधानाने पुस्तक मिटलं आणि वर्ग मैदानावर सोडला. दुसऱ्या दिवसापासून पोरांनी एकमताने कानिफला पहिल्या बाकावर बसवलं. आता तो बारावीत होता आणि अजून पहिल्याच बाकावर होता. अपूर्णांक अजून यायचे होते.

घरीही तेच. आईवडील दरसाल दिवाळी झाली की ऊसतोडीला देवळाली प्रवरेकडे जात, आणि उन्हाळा लागेपर्यंत कानिफ कडूबाई आत्याकडे राही. आत्या भाकरी वाढताना ‘आणि एक?’ म्हणायची. मान हलायची. चौथ्या भाकरीला त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण मान हलायची. आत्या शेजारणींना सांगायची की पोरगं माझ्या हातच्या जेवणावर लई खूश हाय.

‘मला कळलं नाही’ किंवा ‘मला नको’ ही दोन वाक्यं त्याच्या तोंडून निघत नाहीत, हे साऱ्या गावात एकाच माणसाला नेमकं माहीत होतं. ती समोरच्याच घरातली ज्ञानेश्वरी.

ज्ञानेश्वरी ही हनुमंत कंडक्टरची मुलगी. अंगणवाडीत पहिल्या दिवशी दोघं शेजारी बसले, कारण सतरंजी तेवढीच होती. आणि मग उठायचं कुणाला सुचलंच नाही. बोरखडीत मुलगी आठवीत गेली की तिने मुलांशी बोलणं कमी करावं असा रिवाज होता. पण कानिफला कुणी मुलांत धरतच नव्हतं. तो घरचा होता. दारातला रांजण जसा घरचा असतो तसा. रांजणाला काय वाटतं हे कुणी विचारत नाही.

शाळेच्या पाठीमागे, पाण्याच्या टाकीजवळ एक बोरीचं झाड होतं. डिसेंबरात त्याला बोरं लागत. कानिफ दगड मारून ती पाडायचा, ज्ञानेश्वरी ओढणीत गोळा करायची. मग प्रत्येक मुठीतलं पहिलं बोर कानिफने खायचं आणि गोड की आंबट ते सांगायचं, हा दुसरीपासूनचा नियम. कानिफ बोर तोंडात टाकायचा, चघळायचा आणि मान हलवायचा. त्याच्या हिशेबी दहा वर्षांत त्या झाडाला एकही आंबट बोर आलं नव्हतं.

या दिवाळीत मात्र जरा घोटाळा झाला. पाडव्याला आईवडील ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून गेले, कानिफने सवयीने हात हलवला, घरी येऊन चार भाकरी खाल्ल्या. आणि त्याच आठवड्यात बातमी आली की हनुमंत कंडक्टरची कोपरगाव डेपोला बदली झाली आहे. ते आत्ताच जाणार, घर मात्र मुलीची परीक्षा झाली की हलवणार. अजून एक पातेलंसुद्धा बांधलं गेलं नव्हतं. तरी त्या रात्री कानिफला दुसरी भाकरी गेली नाही. ऊसतोडीला गेलेली माणसं कारखाना बंद होऊन पट्टा पडला की परत येतात. कोपरगावला गेलेलं माणूस हंगाम संपला म्हणून परत येत नाही. या विचाराशी येऊन तो थांबला, आणि तो कशाशी थांबला आहे हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याला घाम फुटला.

सांगावं, तर चौदा वर्षांची मैत्री जायची. न सांगावं, तर परीक्षेनंतर ती स्वतःच जायची. कानिफने दोन्ही बाजूंनी विचार केला आणि नेहमीप्रमाणे काहीच न करण्याचा मार्ग धरला.

इकडे ज्ञानेश्वरीला वेगळंच वेड लागलं होतं. पुण्याच्या मावसबहिणीने, मोनिकाने, तिला जपानी चित्रकथांची दोन जाडजूड पुस्तकं दिली होती, आणि बाकीच्या ती मोबाईलवर वाचायची. त्यांतल्या सगळ्या मुलामुलींचे डोळे बशीएवढे. वारा नसला तरी केस उडत. शाळेच्या रस्त्यावर झाडांची फुलं गळत, आणि एकमेकांना काहीतरी सांगायला त्यांना दोनशे पानं लागत. कानिफला ही शेवटची गोष्ट फार पटली. एकदा ती त्यांतलं एक पुस्तक शेवटच्या पानापासून वाचायला बसलेली त्याने पाहिली. काही माणसांना शेवट आधी कळल्याशिवाय राहवत नाही, तशातली ही, असं त्याने मनाशी ठरवलं. विचारलं नाही.

मग डिसेंबर आला आणि शाळेत हस्तलिखिताची गडबड सुरू झाली. विद्यालयात दरसाल मुलांचं एक हस्तलिखित निघे. एकच प्रत, जाड कागदावर, काळ्या शाईने लिहिलेली. नाव ‘अंकुर’. बावीस वर्षं निघत होतं आणि अजून अंकुरच होतं. त्याचा रिवाज असा की लिहिणारा एकटा सगळं लिहून काढणार, मराठीचे खेडकर सर ते लाल फितीत बांधून लोखंडी कपाटात कुलूप घालून ठेवणार आणि स्नेहसंमेलनात पाहुण्यांनी फीत सोडेपर्यंत ते कुणाच्याही नजरेस पडायचं नाही. ज्याने कविता दिली त्याच्यासुद्धा नाही. आठवीपासून लिहिणारा अर्थातच कानिफ होता.

ज्ञानेश्वरीने या वेळी आठ पानांची चित्रकथा दिली. खेडकर सरांनी ती चष्मा वर करून पाहिली. माणसाचा डोळा चेहऱ्याच्या मानाने केवढा असतो ते त्यांनी तिला पट्टीने मोजून दाखवलं. मग कथेत काही संदेश आहे का, असं विचारलं. ज्ञानेश्वरी म्हणाली, आहे, शेवटी आहे. बोलण्याचे फुगे सगळे रिकामे असल्यामुळे आक्षेप घ्यावा असा एकही शब्द सरांना सापडला नाही, आणि त्यांनी सही केली.

ती पानं घेऊन ती बोरीखाली आली.

“चित्रं माझी, अक्षर तुझं,” ती म्हणाली. “फुगे मोकळे ठेवल्यात. वाक्यं ह्या कागदावर हायेत, एक ते बत्तीस. चित्रात नंबर न्हाई टाकले, घाण दिसतं. जपानी पद्धतीनं लिही म्हंजे झालं. कळलं?”

मान हलली.

“आणि हे बघ. बत्तीस नंबरला मी काहीच लिव्हलं न्हाई. तो शेवटचा फुगा तू भर.”

“मी?”

“मनातलं लिही. घाई न्हाई.” एवढं बोलून ती पाण्याच्या टाकीकडे बघू लागली. टाकीत पाहण्यासारखं काही नव्हतं. “सगळं वाचून मग लिही. कळलं का?”

मान पुन्हा हलली.

जपानी पद्धत म्हणजे काय, याचा कानिफला पत्ता नव्हता. घरी जाताना त्याने तर्क लढवला. जपानी लोक फार नीटनेटके असतात असं स्वच्छता पंधरवड्यात खेडकर सरांनी सांगितलं होतं. म्हणजे नीटनेटकं लिहायचं. ते तर तो एरवीही लिहीतच होता. प्रश्न मिटला.

दुपारी आत्याच्या ओट्यावर पाट मांडून तो बसला. कट निबाचा टाक, काळी शाई, टिपकागद. चित्रं पाहून मात्र त्याचा हात जरा थबकला. शाळेच्या गणवेशातला एक मुलगा आणि दोन वेण्यांची एक मुलगी. जपानात फुलं गळतात ती कुठली कोण जाणे, इथे बाभळीची पिवळी फुलं गळत होती. पाठीमागे पाण्याची टाकी होती. मुलाच्या शर्टाचं वरून दुसरं बटण नव्हतं. कानिफने मान खाली घालून स्वतःच्या शर्टाकडे पाहिलं. तिथेही नव्हतं.

कडूबाई आत्या शेंगा फोडत होती. तिने वाकून बघितलं.

“ह्या पोरीचं डोळं आल्यात का काय रं?”

“जपानी हाय, आत्या.”

“मग दाव की म्हनावं दवाखान्यात,” आत्या म्हणाली आणि परत शेंगांकडे वळली.

एका पानावर चार चौकटी, वर दोन, खाली दोन. कानिफने पहिलं वाक्य वरच्या डावीकडच्या चौकटीत घातलं, दुसरं तिच्या उजवीकडे, तिसरं खाली डावीकडे, चौथं उजवीकडे. बालभारतीपासून पंचायतीच्या फळ्यापर्यंत सगळं जग असंच चाललं होतं. डाव्या चौकटीत प्रत्येक वेळी मुलगा यायचा आणि उजव्या चौकटीत मुलगी. तेव्हा बोलायचा तो मुलगाच, आणि मुलगी नुसतं ‘हं’, ‘बरं’, ‘असेल’ करायची. चार-पाच ठिकाणी मुलगा चक्क मुलीसारखा ‘आले’, ‘थांबले’ असं बोलत होता. मोबाईलवर परकी भाषा वाचत बसलं की मराठीचं असं होतं, हे कानिफ ओळखून होता. त्याने मैत्रीखातर त्या चुका गुपचूप दुरुस्त केल्या. चेहरे आणि वाक्यं यांचाही मेळ बसत नव्हता. मुलगी हुंदके देत होती आणि ‘बरं’ म्हणत होती. मुलगा माठासारखा उभा होता आणि काळजाला हात घालणारं बोलत होता. जपानी लोक असेच असतील, असं समजून तो पुढे गेला.

पण जसजशी पानं सरू लागली तसा त्याचा टाक जड होऊ लागला. कारण त्या चित्रातला मुलगा जे बोलत होता ते सगळं कानिफच्या पोटातलं होतं. हिला कळलं होतं तर. दिवाळीपासून त्याने जे कुणाला सांगितलं नव्हतं ते हिने आठ पानांत काढून दाखवलं होतं, बटणासकट. आणि मुलीचं उत्तर काय, तर ‘हं’.

शेवटच्या पानावर गाडी लागलेली होती. एकोणतिसाव्या वाक्यात मुलगा म्हणाला, “तुला एक सांगायचं आहे.” तिसाव्यात मुलगी म्हणाली, “हं.” आणि एकतिसावं वाक्य होतं: “तू नसशील तिथे मला करमणार नाही. बोरं असतील, पण गोड आहेत की आंबट हे कुणाला विचारू?”

हे कानिफने लिहिलं. लिहिताना इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या ‘ब’चा गोल किंचित चेपला.

मग राहिला शेवटचा फुगा. खाली, उजव्या कोपऱ्यात. चित्रातली मुलगी डोळ्यांना रुमाल लावून उभी होती आणि तिच्या डोक्यावर तो फुगा रिकामा होता.

‘मनातलं लिही.’ म्हणजे ही मुलगी आता काय म्हणेल ते त्याने ठरवायचं. कानिफ पार दिवेलागणीपर्यंत तसाच बसून राहिला. ‘मलाही’ असे तीन अक्षरी शब्द जगात असतात आणि ते या फुग्यात आरामात मावतात, हे त्याला दिसत होतं. पण आपल्याला हवं ते दुसऱ्याच्या तोंडात घालायचं आणि वर ते सुंदर अक्षरात लिहायचं, ही एक प्रकारची चोरीच झाली. तिला तसं वाटत असतं तर तिनेच नसतं का लिहिलं? एकतीस वाक्यं लिहिणाऱ्या मुलीला बत्तिसावं काय जड होतं? तिला नाही म्हणायचं आहे आणि तोंडाने म्हणवत नाही, असा याचा सरळ अर्थ होता. ‘नाही’ म्हणणं किती अवघड असतं हे कानिफला कुणी सांगायची गरज नव्हती. तिचं ओझं आपण उचलावं, एवढंच आता आपल्या हातात आहे, असं त्याला वाटलं.

तेव्हा कुणाचंच मन दुखावणार नाही आणि शाळेलाही चालेल असं वाक्य त्याने शोधलं, टाक बुडवला, आणि मुलीच्या तोंडी लिहिलं:

“परीक्षा जवळ आली आहे. अभ्यास कर.”

मुलगी रडत का आहे, तेही त्यामुळे आपोआप स्पष्ट झालं.

दुसऱ्या दिवशी हस्तलिखित लाल फितीत बांधून कपाटात गेलं. मधल्या सुट्टीत ज्ञानेश्वरीने विचारलं, शेवटचा फुगा भरलास का. मान हलली. सगळं वाचून भरलास का. हलली. मनातलंच लिहिलंस ना. या वेळी मान हलायला किंचित उशीर झाला, पण हलली. काय लिहिलंस हे तिने तीन-चार दिवस वेगवेगळ्या वाटांनी काढून घ्यायचा प्रयत्न केला. कानिफ प्रत्येक वेळी रिवाजाकडे बोट दाखवायचा आणि पुस्तकात डोकं घालायचा. बोरीकडे तो यायचा बंद झाला. टाकीजवळ पिकलेली बोरं आपल्याआप गळून पडू लागली आणि पहिलीची पोरं ती कुणालाही न विचारता खाऊ लागली.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी मांडव घातला, सतरंज्या टाकल्या, माईकने आधी शिट्ट्या मारल्या आणि मग पाहुणे बोलायला उभे राहिले. संस्थेचे एक जुने संचालक होते. त्यांनी फीत सोडली, हस्तलिखित मधेच उघडलं, आणि योगायोग असा की ते चित्रकथेच्या शेवटच्या पानाशी उघडलं. वाचायला एवढंच थोडं दिसल्यावर त्यांनी ते पूर्ण वाचलं. मग चष्मा काढला.

आजकालच्या मुली, ते म्हणाले, आम्हा जुन्या लोकांना काळजी वाटायची. पण या विद्यालयातली मुलगी पाहा. एक मुलगा तिला नाही नाही ते बोलतो. ती रागावत नाही, तक्रार करत नाही. ती काय म्हणते? ती म्हणते, अभ्यास कर. या दोन शब्दांवर त्यांनी पंचवीस मिनिटं काढली. पालकांनी टाळ्या वाजवल्या. खेडकर सर प्रत्येक टाळीला थोडे थोडे उंच होत गेले. उत्कृष्ट सामाजिक संदेशाबद्दल ज्ञानेश्वरीला स्टीलचा डबा जाहीर झाला.

ज्ञानेश्वरी स्टेजवर गेली, डबा घेतला, वाकून नमस्कार केला. मांडवाच्या खांबाआडून कानिफ तिचा चेहरा पाहत होता. बस चुकलेल्या माणसाचा असतो तसा तो चेहरा होता. आपल्या कथेतली मुलगी असं काही म्हणत नाही, हे साऱ्या मांडवात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

कार्यक्रम संपल्यावर हस्तलिखित प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवलं होतं. शेजारी ‘हात लावू नये’ अशी पाटी होती, तीही कानिफच्याच अक्षरात. बाहेर जेवणाची पंगत बसली होती, त्यामुळे आत चिटपाखरू नव्हतं. ज्ञानेश्वरी आली, डबा टेबलावर ठेवला, आणि पाटीला न जुमानता तिने शेवटचं पान काढलं. कानिफ खिडकीच्या गजांबाहेर उभा होता. पळून जावं असं त्याला वाटत होतं, पण पाय मानेसारखे नव्हते, ते हलेनात.

आधी तिची नजर खालच्या डाव्या चौकटीवर गेली. ती लाल झाली, अगदी कानापर्यंत. मग नजर उजवीकडे गेली आणि कपाळाला आठी पडली. मग ती वरच्या चौकटींकडे आली, पुन्हा खाली गेली. एक पान मागे गेली, आणखी एक मागे, मग एकदम पहिल्या पानावर. आणि मग तिने तोंडावर हात धरला, टेबलाला धरलं आणि स्टुलावर बसली. तिचे खांदे गदागदा हलत होते.

हसते आहे. कानिफला वाटलं, आता कोपरगाव काय आणि बोरखडी काय, दोन्ही सारखीच.

“कान्या,” ती डोळे पुसत खिडकीकडे न बघता म्हणाली, “आत ये. गजाला धरून उभा हायेस ते दिसतंय मला.”

तो आत आला.

“जपानी पद्धत म्हंजे काय?”

कानिफने मान हलवली. मग हा प्रश्न मान हलवून सुटणारा नाही हे त्याच्या लक्षात आलं. त्याने घसा साफ केला.

“मला कळलं नव्हतं,” तो म्हणाला.

ते वाक्य इतकं नवं होतं की ज्ञानेश्वरीने डोळे पुसणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं.

“मग इचारायचं हुतं की.”

“इचारलं असतं तर तुला वाटलं असतं, ह्याला काय कळत न्हाई.”

“ते मला अंगणवाडीपासून म्हाईत हाय.” तिने स्टूल सरकवून त्याला जागा केली. “जपानी लोक उजवीकडून वाचतात. पुस्तक बी तिकडून, चौकट बी तिकडून. आधी उजवीकडची, मग डावीकडची. आता मला सांग, आधी कोण बोलतंय?”

कानिफने पहिलं पान ओढून घेतलं आणि उजव्या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे मुलगी होती. एक नंबरचं वाक्य तिचं. त्याने बोट डावीकडे नेलं. तिथे मुलगा, माठासारखा उभा. दोन नंबरचं वाक्य त्याचं: हं. बोट खाली आलं. पुन्हा मुलगी. पुन्हा हं. तो पानं उलटत गेला. जे ‘आले’ आणि ‘थांबले’ त्याने मोठ्या मनाने दुरुस्त केले होते ते एकेक करून त्याच्याकडे बघू लागले. हुंदके देणारी मुलगी आता हुंदक्यांचंच बोलत होती. ‘हं’, ‘बरं’, ‘असेल’ एवढंच म्हणणारा तो दुसऱ्या बटणाचा मुलगा कोण, हे कुणाला सांगायला नको होतं.

शेवटच्या पानावर त्याचं बोट चुकूनमाकून एकदा डावीकडे गेलं, ते ज्ञानेश्वरीने धरून उजव्या चौकटीवर आणलं आणि सोडलं. रुमाल लावलेल्या मुलीवर. एकतीस नंबर.

“हे मी म्हणते,” ती म्हणाली. “आणि त्या पलीकडचा फुगा मी तुझ्यासाठी ठेवला हुता. तो तू माझंच वाक्य लिहून भरलास. आणि माझ्या तोंडात काय घातलंस? अभ्यास कर.”

“मला वाटलं, तुला न्हाई म्हणायचं हाय.”

“म्हणून तू माझ्या वतीनं न्हाई म्हणलास?”

कानिफची मान हलली. या वेळी ती अगदी खरी हलली. बाहेर पंगतीत कुणीतरी बुंदी म्हणून ओरडत होतं. टेबलावरचा स्टीलचा डबा उन्हाने चमकत होता.

“आता कळलं?” तिने विचारलं.

मान निघालीच होती. कानिफने ती अर्ध्यात थांबवली. हे काम त्याला वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतं.

“न्हाई,” तो म्हणाला. “परत सांग.”

ज्ञानेश्वरीने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग खिडकीबाहेर, टाकीपाशी, बोरीकडे बघत तिने एकतिसावं वाक्य म्हटलं. पुस्तकी नव्हे, घरच्या भाषेत. तू न्हाईस तिथं मला करमायचं न्हाई रे, कान्या. एवढंच. बोरांचं तिला म्हणताच आलं नाही.

बत्तीस नंबर आता खरोखरच कानिफकडे आला होता, आणि या खेपेला कागद नव्हता, टाक नव्हता.

“ती बोरं आंबट असत्यात,” तो शेवटी म्हणाला.

“कुठली?”

“त्या झाडाची. सगळीच. दुसरीपासनं. गोड एक बी निघालं न्हाई. तू खावीस, थोडा वेळ थांबावीस, म्हणून मी मान हलवायचो.” त्याने श्वास घेतला. “मला बी करमायचं न्हाई.”

“आंबट हायेत ते मला म्हाईत हुतं,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “मला काय जीभ न्हाई का?”

मग पुष्कळ वेळ दोघांनी मिळून हस्तलिखिताकडे पाहिलं. त्यात काही खाडाखोड करावी असं कुणालाच वाटलं नाही. शिवाय ‘अभ्यास कर’ला हात लावणं आता शक्यच नव्हतं, खेडकर सर ते पान चौकटीत बसवून कार्यालयात लावायच्या विचारात होते. इकडून वाचलं तर तो सांगत होता, तिकडून वाचलं तर ती. आणि शाळेला अभ्यासाचा संदेश मिळालेला होता. एका पानाकडून याहून जास्त अपेक्षा करणं बरं नव्हे.

“परीक्षा झाली की तू जाशील,” कानिफ म्हणाला.

“जाईन की. कॉलेज हाय तिथं. पण तू बोरखडीत राहशील, मी तिथं. एसटी हाय मधी.”

“मी बोरं पाठवीन. आंबट.”

“कशी?”

“तुझ्या पप्पांच्या गाडीनं. पिशवीवर तुझं नाव टाकून.”

ज्ञानेश्वरीने याचा गंभीरपणे विचार केला. “पप्पा तुझं अक्षर ओळखत्यात,” ती म्हणाली. “अख्खा तालुका ओळखतो. पाच-सहा पिशव्या गेल्या की त्यांच्या डोक्यात प्रकाश पडंल.”

ही अडचण मोठी होती. कानिफ विचारात पडला. त्याने टाकाने काळ्या झालेल्या आपल्या बोटांकडे पाहिलं. लग्नपत्रिका, नळपट्टी, सप्ताहाचा फळा, अंकुरचे पाच अंक: एवढं सगळं लिहून झालं होतं, पण घाईत म्हणून, कंटाळा आला म्हणून, आजारी होता म्हणूनसुद्धा त्याने आजवर एक वेलांटी वाकडी काढली नव्हती.

“मग घाण अक्षरात लिहीन,” तो म्हणाला.

ज्ञानेश्वरीने फक्त मान हलवली.